टोमॅटोऐवजी केळ्याचा सॉस करणाऱ्या बाईंनी युद्धात सोयाबीनच्या पिठावर कैदी जगवले होते

समोसा असो, गाडीवरचं मंचुरियन असो की घरी केलेलं पोळीचं फ्रँकी, बाजूला लाल सॉसची बाटली लागतेच. आणि तो सॉस टोमॅटोचाच असणार, हे आपण गृहीत धरलेलं असतं.

पण फिलिपिन्समध्ये कुणाच्या घरी जेवायला बसलात आणि ऑम्लेटसोबत लाल सॉस पुढ्यात आला, तर तो बहुतेक वेळा केळ्याचा निघतो. रंग लाल, चव आंबटगोड, आणि त्यात टोमॅटोचा पत्ता नाही. तिथे लहान मुलांच्या वाढदिवसाला गोडसर स्पॅगेटी करायची पद्धत आहे. त्या स्पॅगेटीतही हाच सॉस असतो.

या केळ्याच्या सॉसचं श्रेय मारिया ओरोसा नावाच्या बाईंना दिलं जातं.

मारिया ओरोसा केमिस्ट होत्या. स्वयंपाकघराला प्रयोगशाळा मानणाऱ्या होत्या. आणि युद्ध सुरू झाल्यावर त्या गनिमी फौजेत कॅप्टन होत्या. त्यांच्या नावावर सातशेहून जास्त पाककृती आहेत. त्यांनी आयुष्यभर ज्या कच्च्या मालावर काम केलं त्यात केळी, सोयाबीन, भाताचा कोंडा अशा गोष्टी होत्या. म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथकडून जवळा बाजारकडे निघालात, तर शिवारात किंवा बाजारात सहज दिसणारा माल. म्हणूनच त्यांची गोष्ट आपल्याला जवळची वाटावी अशी आहे.

तर झालं असं की...

फिलिपिन्स हा सात हजारांहून जास्त बेटांचा देश. तिथे तीनशेहून अधिक वर्षं स्पेनचं राज्य होतं. १८९८ साली स्पेन आणि अमेरिकेचं युद्ध झालं, त्यात स्पेन हरला आणि तहात २ कोटी डॉलर मोजून अमेरिकेने हा देश आपल्या ताब्यात घेतला. गुलामगिरी तीच राहिली, फक्त मालक बदलला.

याच उलथापालथीच्या दशकात, बाटांगास प्रांतातल्या ताल नावाच्या गावी, २९ नोव्हेंबरला मारियांचा जन्म झाला. आठ भावंडांतलं त्यांचं चौथं अपत्य. वडील जहाजावरचे कप्तान होते आणि स्पेनविरुद्धच्या लढ्यात उतरलेले होते. आई दुकान चालवायची. घरात देशाची गोष्ट आणि व्यवहाराची गोष्ट, दोन्ही एकाच वेळी कानावर पडत होत्या.

मारिया हुशार होत्या. १९१६ साली त्या शिकायला अमेरिकेला गेल्या. सिॲटल शहरातल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये त्यांनी प्रवेश घेतला.

आता विचार करा, शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचा काळ. बाई माणूस, त्यात आशियातली, त्यात अमेरिकेच्या ताब्यातल्या देशातली. पैशांची ओढाताण होतीच. सुट्टी लागली की मारिया अलास्काला जायच्या. तिथे मासे डबाबंद करण्याचे कारखाने होते, त्यात त्या मजुरी करायच्या. माशाचा डबा कसा भरतात, कसा सील करतात, तो महिनोन् महिने खराब का होत नाही, हे त्यांनी पुस्तकाआधी हाताने शिकून घेतलं.

फार्मास्युटिकल केमिस्ट्री झाली, फूड केमिस्ट्री झाली, वर फार्मसीची मास्टर्स पदवी झाली. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्या खाद्यपदार्थांची तपासणी करायच्या. कशात भेसळ आहे, कशात काय घटक आहेत, हे शोधण्याचं काम. त्यांचं काम बघून वॉशिंग्टन राज्याच्या सहाय्यक केमिस्टच्या जागेसाठी त्यांना विचारणा झाली. अशा जागा त्या काळी गोऱ्या पुरुषांनाच मिळायच्या.

अमेरिकेत राहिल्या असत्या तर नोकरी होती, पगार होता, मान होता. पण १९२२ साली त्या मायदेशी परतल्या.

परत आल्यावर त्यांनी काय पाहिलं?

देशात आंबा, केळी, अननस, नारळ, फणस, कसावाचे कंद, कशाची म्हणून कमतरता नाही. हंगामात फळं अक्षरशः सडून जात होती. आणि त्याच वेळी शहरातल्या दुकानांत अमेरिकेहून आलेले डबे रचलेले होते. डबाबंद फळं, डबाबंद मासे, डबाबंद दूध, टोमॅटो केचप.

याचं कारण सरळ होतं. १९०९ सालच्या अमेरिकी कायद्याने बहुतेक अमेरिकी माल फिलिपिन्समध्ये जकातीशिवाय येऊ लागला होता. शाळेत मुलींना गृहविज्ञान शिकवलं जायचं, त्यातल्या पाककृतीही अमेरिकी होत्या. घरच्या अंगणात पिकतं ते गावंढळ आणि डब्यातून येतं ते प्रगत, अशी समजूत एका पिढीच्या डोक्यात बसत चालली होती.

मारियांनी हेच गणित उलटं करायचं ठरवलं. आधी त्यांनी मनिलातल्या सेंट्रो एस्कोलर या संस्थेत शिकवलं, मग त्या सरकारच्या ब्युरो ऑफ सायन्समध्ये अन्न टिकवण्याच्या विभागात रुजू झाल्या. पुढे ब्युरो ऑफ प्लांट इंडस्ट्री या शेतीखात्याच्या कचेरीत त्या गृहअर्थशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या.

त्यांच्या कामाची यादी वाचली तर दमायला होतं.

आंबा गोठवून टिकवायचे प्रयोग केले. कलामान्सी नावाचं तिथलं छोटं लिंबू असतं, त्याच्या रसाची पूड केली, म्हणजे पाण्यात टाकली की सरबत तयार. कसावा आणि कच्च्या केळ्यांचं पीठ केलं, कारण गहू बाहेरून यायचा. देशी फळांपासून व्हिनेगर आणि वाइन केली. आदोबोसारखे घरगुती पदार्थ डब्यात टिकवायची पद्धत बसवली.

आदोबो म्हणजे काय, हेही सांगायला हवं. चिकन किंवा डुकराचं मांस व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र आणि काळी मिरी घालून मंद आचेवर शिजवायचं. मसाला वाटायचा नाही, परतायची फार भानगड नाही. उष्ण देशात, फ्रीज नसलेल्या काळात, व्हिनेगरमधलं मांस जास्त वेळ टिकायचं. फिलिपिनो घरात आदोबो म्हणजे आपल्याकडच्या पिठल्यासारखं, प्रत्येक घराचं वेगळं आणि प्रत्येकाला आपल्याच आईचं बरोबर वाटणारं.

आता येऊ केळ्याच्या सॉसकडे.

अमेरिकी लोकांमुळे फिलिपिन्सला केचपची चटक लागली होती. पण टोमॅटोला तिथली दमट हवा मानवत नव्हती, त्यामुळे बाटल्या बाहेरून आणाव्या लागायच्या. केळी मात्र परसातही पिकायची. मारियांनी साबा नावाची तिथली स्थानिक केळी घेतली, कुस्करली आणि त्यात व्हिनेगर, साखर, मसाले घालून ती शिजवली.

यात विज्ञान काय, तर केचपला तीन गोष्टी लागतात. दाटपणा, आंबटपणा आणि गोडवा. केळ्याच्या गरात स्टार्च आणि पेक्टिन असतं, त्यामुळे तो शिजला की आपोआप दाट होतो. गोडवा त्यात मुळातच असतो. आंबटपणा व्हिनेगरने येतो आणि त्याच आम्लामुळे जंतू वाढत नाहीत, सॉस टिकतो. राहिला रंग. केळ्याचा सॉस तपकिरी पिवळट होतो, आणि लोकांना केचप लाल हवं असतं. म्हणून त्यात लाल रंग घालायची पद्धत पडली.

पुढे १९४२ साली माग्दालो फ्रान्सिस्को नावाच्या उद्योजकाने हा सॉस व्यापारी पातळीवर बनवायला सुरुवात केली. युद्धामुळे टोमॅटो केचपचा तुटवडा होता, त्यामुळे केळ्याचा सॉस घराघरांत गेला. युद्ध संपलं, टोमॅटो परत आला, पण लोकांनी केळं सोडलं नाही.

मारियांचं काम प्रयोगशाळेपुरतं नव्हतं. गावातल्या बाईकडे वीज नाही, ओव्हन नाही, मग ब्रेड-केक भाजणार कसा? त्यांनी पालायोक म्हणजे तिथल्या मातीच्या भांड्यापासून भट्टी तयार केली. निखाऱ्यावर चालणारी, गावातल्या कुंभाराकडे मिळणाऱ्या भांड्यातून होणारी. खेडोपाडी त्यांनी बायकांचे आणि तरुणांचे गट उभे केले. तिथे शिकवलं जायचं कोंबड्या कशा पाळायच्या, फळं-भाज्या कशा टिकवायच्या, थोडक्या पैशांत घरचं जेवण पोषक कसं करायचं. आपल्याकडे आज बचत गटाच्या बायकांना पापड-लोणच्यापलीकडचं प्रक्रियेचं प्रशिक्षण देतात ना, तशातलंच हे काम, शंभर वर्षांपूर्वीचं.

आणि मग युद्ध आलं.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने फिलिपिन्सवर हल्ला केला. २ जानेवारी १९४२ ला मनिला जपान्यांच्या ताब्यात गेली. शहरातल्या अमेरिकी, ब्रिटिश आणि इतर परदेशी नागरिकांना पकडून सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात डांबण्यात आलं. बायका, मुलं, म्हातारी माणसं धरून तिथे हजारो लोक होते आणि तीन वर्षं होते.

सुरुवातीला बाहेरून थोडंफार अन्न मिळायचं. पुढे ते बंद होत गेलं. १९४४ च्या अखेरीस तर एका माणसाच्या वाट्याला दिवसाला हजार कॅलरींपेक्षाही कमी अन्न येत होतं. त्यात बराचसा भाग पांढऱ्या तांदळाचा.

पांढऱ्या तांदळाचा धोका काय, हे मारियांना पक्कं माहीत होतं. तांदूळ पॉलिश करताना वरचा कोंडा निघून जातो आणि त्यासोबत बी-१ हे जीवनसत्त्वही जातं. नुसत्या अशा भातावर जगणाऱ्याला बेरीबेरी होतो. हातपाय बधिर होतात, अंगाला सूज येते, शेवटी हृदय बंद पडतं. आशियात या रोगाने असंख्य माणसं मेली होती. जावा बेटावर कोंबड्यांच्या खाण्यावरून हा धागा पकडणाऱ्या आइकमन या डच डॉक्टरला १९२९ साली नोबेल मिळालं होतं.

मारियांनी दोन गोष्टी तयार केल्या.

पहिली सोयालॅक. सोयाबीनची पूड, जी पाण्यात मिसळून पिता येईल. सोयाबीनच्या वजनात ३५ ते ४० टक्के प्रथिनं असतात, डाळींच्या कितीतरी पुढे. मांस, दूध, अंडी मिळेनाशी झाल्यावर उपाशी माणसाला उभं करायला एवढी मूठभर पूड उपयोगी पडायची.

दुसरी दाराक. तिथल्या भाषेत दाराक म्हणजे भाताचा कोंडा. जो कोंडा जनावरांना जायचा, त्याचीच त्यांनी बिस्किटं केली. रोज अशी थोडी बिस्किटं पोटात गेली की बेरीबेरीला आळा बसत होता.

पण छावणीच्या आत हे पोचवायचं कसं? मारिया तेव्हा मार्किंग्ज गुरिल्ला या गनिमी फौजेत दाखल झाल्या होत्या, त्यांना कॅप्टनचा हुद्दा होता. छावणीत कामाला जाणाऱ्या सुतारांच्या हाती पोकळ बांबू दिले जायचे. बांबूच्या पोटात सोयालॅक आणि दाराक. पहारेकऱ्याला दिसायचं लाकूडसामान, आत जायचं जेवण. इतर छावण्यांतल्या कैद्यांसाठीही त्यांचं हे अन्न धाडलं गेलं.

३ फेब्रुवारी १९४५ ला अमेरिकी रणगाडे सांतो तोमासच्या फाटकातून आत शिरले आणि कैदी सुटले. जे जिवंत होते त्यांच्यातल्या अनेकांना तगवण्यात या पुडीचा आणि बिस्किटांचा वाटा होता.

कैदी सुटले, पण शहर सुटलं नाही. त्याच दिवशी मनिलाची लढाई सुरू झाली, ती महिनाभर चालली. गल्ली-गल्लीत जपानी फौजा, वरून अमेरिकी तोफांचा मारा. या एका महिन्यात सुमारे एक लाख सामान्य नागरिक मेले.

घरच्यांनी आणि मित्रांनी मारियांना विनवलं होतं, शहर सोड, गावी निघून ये. त्या गेल्या नाहीत. आपली जागा कामावर आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

१३ फेब्रुवारी १९४५. मलाते भागातल्या त्यांच्या कचेरीवर तोफगोळा पडला आणि त्या जखमी झाल्या. त्यांना जवळच्या रेमेदिओस हॉस्पिटलमध्ये नेलं. थोड्या वेळाने त्या हॉस्पिटलवरही गोळे पडले. एक तुकडा मारियांच्या छातीत शिरला आणि त्या जागीच गेल्या. कैद्यांच्या सुटकेला अजून दोन आठवडेही झाले नव्हते. मेलेल्यांची संख्या इतकी होती की त्यांना हॉस्पिटलच्या आवारातच इतरांसोबत पुरण्यात आलं. पुढची पंचाहत्तर वर्षं त्यांची कबर नेमकी कुठे आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. २०२० साली त्या जागी असलेल्या शाळेच्या आवारात त्यांच्या नावाचा दगड सापडला.

त्यांच्या भाचीने १९७० साली त्यांचं चरित्र आणि सातशे पाककृती एकत्र करून पुस्तक काढलं. मनिलात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. २०१९ च्या २९ नोव्हेंबरला गूगलने त्यांच्यावर डूडल केलं, तेव्हा जगातल्या बऱ्याच लोकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण जवळा बाजारात बसून आम्ही याचं काय करायचं?

करण्यासारखं बरंच आहे. हिंगोली जिल्हा सोयाबीन आणि हळदीचा. वसमतच्या हळदीचं नाव तर लांबवर गेलंय. शेजारी नांदेडचं अर्धापूर केळीसाठी ओळखलं जातं. सोयाबीनची पोती आडतीवर जातात, तिथून तेलाच्या कारखान्यात. आणि त्याच बाजारातून येताना आपण सॉसची बाटली आणि प्रथिनांच्या पावडरचा डबा विकत आणतो. मारियांनी १९२२ साली मनिलात जे चित्र पाहिलं, त्याच्याशी हे बरंच मिळतंजुळतं आहे.

घरच्यांसाठी फिलिपिनो जेवण करून बघायचं असेल, तर मारियांचीच पद्धत वापरायची. परदेशी सामान ऑनलाइन मागवत बसायचं नाही, आपल्याकडे काय आहे ते बघायचं. कलामान्सीच्या जागी आपलं लिंबू. सिनिगांग नावाचं त्यांचं आंबट सार चिंचेवरच होतं आणि चिंचेला मराठवाड्यात तोटा नाही. त्यांचं आचारा नावाचं लोणचं कच्च्या पपईच्या किसाचं, व्हिनेगर आणि साखर घातलेलं. हे नाव आपल्या अचार या शब्दावरूनच तिकडे गेलंय. पोरांना तिखटाचं लोणचं झेपत नसेल तर हे नक्की आवडेल.

केळ्याच्या सॉससाठी चार-पाच पिकलेली केळी कुस्करून घ्या. थोड्या तेलात कांदा, लसूण, आलं परता, चिमूटभर हळद, थोडं लाल तिखट आणि दोन लवंगांची पूड टाका. त्यात केळी, अर्धी वाटी व्हिनेगर, लिंबाएवढा गूळ, मीठ आणि वाटीभर पाणी घालून मंद आचेवर वीस मिनिटं शिजवा. खाली लागतं, म्हणून हलवत राहायचं. गार झालं की मिक्सरमधून काढा. लाल रंग हवाच असेल तर शिजतानाच थोडा बीटचा रस घाला. फ्रीजमध्ये ठेवून आठ-दहा दिवसांत संपवा.

सोयाबीनचं मात्र एक लक्षात ठेवा. कच्चं सोयाबीन दळून तसंच खायचं नाही. त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनेच निकामी होतात. म्हणून उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकडून, कडक उन्हात वाळवून मग दळायचं. गव्हाच्या नऊ वाट्यांमागे या सोयाबीनची एक वाटी, एवढं प्रमाण पोळीची चव बिघडवत नाही आणि घरातल्या वाढत्या पोरांच्या ताटात प्रथिनं वाढवतं.

मारियांच्या प्रयोगांत महागडं असं काहीच नव्हतं. परसातलं केळं, जनावरांचा कोंडा, मातीचं मडकं. या गोष्टी शिकलेल्या माणसाने हातात घेतल्या आणि त्यावर डोकं चालवलं, एवढाच फरक. शांततेच्या काळात त्यातून सॉस निघाला. युद्धात त्याच सवयीतून बांबूच्या पोटात लपवता येईल असं अन्न निघालं, आणि ते खाऊन माणसं जिवंत घरी गेली.